रिठा-शिकेकाईचं पाणी आंबतंय, काय करावं?

करवीर_कन्या: रिठा, शिकेकाई, आवळकाठी लोखंडी कढईत उकळून बाटलीत भरते. दोन-तीन दिवसांत आंबूस वास, रंगही काळाकुट्ट. शाम्पूच्या प्लॅस्टिक बाटल्या पुन्हा घरात नकोत. काय चुकतंय?

घाटावरचा: काळा रंग कढईमुळे. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळालं की काळं होतंच. केसांचं बिघडत नाही, पण टॉवेलला डाग पडतात. स्टीलचं पातेलं घ्या, मोठं, कारण रिठा उतू फार जातो. बिया काढलेला रिठा ५० ग्रॅम, शिकेकाई ५०, आवळकाठी २५, पाणी १ लिटर. रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर निम्मं आटवा. गार झाल्यावर कुस्करून मलमलीतून दोनदा गाळा, नाहीतर शिकेकाईचा भुसा केसांत अडकतो.

लक्ष्मीपुरी_पेठ: ताई, आंबणारच की ओ, त्यात टिकवायला काहीच नाही! चमचाभर लिंबू पिळून महिनाभर टिकतं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. फ्रिजमध्ये फार तर आठवडा. त्यापेक्षा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागतील तेवढ्या वड्या आदल्या रात्री वाटीत काढा.

घाटावरचा: बरोबर. आणि चोथा फेकू नका, पितळी समई-तांब्याला घासा. न्हाताना डोळे मात्र मिटून, रिठा लई झोंबतो.