मदत हवी आहे : इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल यांत नेमका फरक काय?

घाईतला_अनुवादक : अहवालाचे भाषांतर उद्या सकाळी द्यायचे असून या दोन शब्दांपाशी काम अडले आहे. दोन्हींसाठी ‘आर्थिक’ चालेल का? कृपया शब्दकोश पाहण्यास सुचवू नये. तो पाहूनच गोंधळ वाढला आहे.

पूर्णविराम : वाक्य दिल्याशिवाय काय सांगणार?

जुना_मास्तर : नियम सरळ आहे. अर्थव्यवस्थेशी संबंधित ते इकॉनॉमिक, म्हणून धोरण किंवा संकट इकॉनॉमिक असते. कमी इंधनात लांब पल्ला गाठणारी गाडी मात्र इकॉनॉमिकल, म्हणजे किफायतशीर.

आडवा_प्रश्न : मास्तर, इतके सरळ नाही. एखाद्या मार्गावरील बससेवा ‘इकॉनॉमिक नाही’ असे म्हणतात तेव्हा अर्थव्यवस्थेचा संबंध नसतो. उत्पन्नातून खर्च भरून निघत नाही, एवढेच सांगायचे असते.

जुना_मास्तर : तो अपवाद झाला. नवख्याला आधी नियम सांगावा.

चौकस : १९८६ साली ब्रिटनचे कॅबिनेट सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी ऑस्ट्रेलियातील न्यायालयात साक्ष देताना ‘इकॉनॉमिकल विथ द ट्रुथ’ हे शब्द वापरले आणि ते गाजले. सत्य हातचे राखून सांगणे, असा त्याचा अर्थ. तिथे ‘इकॉनॉमिक’ चालणारच नाही.

घाईतला_अनुवादक : माहिती रंजक आहे, पण माझ्या अहवालात न्यायालय नाही. वाक्य असे आहे : ‘द प्लान्ट कॅन बी रन इकॉनॉमिकली ओन्ली ॲट फुल कपॅसिटी.’

पूर्णविराम : म्हणजे विचारलेल्या दोन शब्दांपैकी एकही या वाक्यात नाही! दोन्ही विशेषणांचे क्रियाविशेषण ‘इकॉनॉमिकली’ हेच होते, त्यामुळे इंग्रजीत तो भेद इथे दिसत नाही आणि अर्थ संदर्भावरूनच ठरवावा लागतो. उत्पादन वाढले की यंत्रसामग्रीचा ठरलेला खर्च अधिक नगांवर विभागला जातो, म्हणून ‘प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालवला तरच तो परवडतो’ असे लिहावे. ‘आर्थिकदृष्ट्या चालवता येतो’ असे लिहिल्यास वाचकाला काहीच बोध होणार नाही.

आडवा_प्रश्न : खर्च भरून निघण्याचाच मुद्दा मी मांडला होता, मास्तर.

घाईतला_अनुवादक : पटले. पुढच्याच परिच्छेदात ‘इकॉनॉमिकली डिपेंडंट’ आहे. तिथेही परवडण्याचाच अर्थ घ्यावा का?

पूर्णविराम : नाही. तिथे ‘आर्थिकदृष्ट्या अवलंबून’. आणि असे आणखी शब्द असतील तर कृपया आताच, पूर्ण वाक्यांसह द्यावेत.