मदत हवी आहे: आजोबांनी कांगोतून आणलेली तांब्याच्या दांड्याची कुऱ्हाड

नमस्कार मंडळी,

परवा गावी (साताऱ्याजवळ) गेले तर दसऱ्याची साफसफाई निघालेली. काकूने माळ्यावरची कुऱ्हाड खाली काढून शेजारी चिंच भिजत घातली होती. तांब्याचा दांडा काळा पडलाय, घासून लख्ख करू, असा बेत. मी कसंबसं थांबवलं. पण "मग काय करायचं ते तू सांग" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा धागा.

आजोबा लष्करात नर्सिंग असिस्टंट होते. १९६० ते १९६४ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपल्या तुकड्या कांगोत होत्या. आजोबा १९६१ साली लिओपोल्डव्हिलला (आताचं किन्शासा) होते. परतताना ही घेऊन आले. कुणी दिली की बाजारात घेतली, ते कधी बोलले नाहीत, आणि आता विचारायला ते नाहीत.

लांबी साधारण ४० सेंमी. लाकडी दांड्यावर तांब्याचा पातळ पत्रा, बारीक खिळ्यांनी बसवलेला. मुठीपाशी पत्रा झिजून गुळगुळीत झालाय. धार चंद्रकोरीसारखी, पण धार आणि दांडा यांच्यामध्ये सलग पातं नाहीच. पीळ दिलेल्या चार लोखंडी सळ्या आहेत आणि त्यांवर ठोकून काढलेले इवलेसे मानवी चेहरे. दोन्ही बाजूंचे मिळून ३२ मोजले. डोळ्यांच्या खाचांत साठ वर्षांच्या खंडेनवमीचं हळदकुंकू बसलंय.

घरात हिला "माणसं मारायची कुऱ्हाड" म्हणतात. लहानपणी जेवलो नाही की हिचीच भीती घालायचे. पण अशा जाळीदार पात्याने सरपणसुद्धा फुटणार नाही! वाचत गेले तेव्हा कळलं की ही बहुधा कांगोतल्या कसाई नावाच्या भागातल्या सोंग्ये लोकांची, त्यातही न्सापो शाखेची घडण आहे. संग्रहालयांत अशा कुऱ्हाडी "कासुयु" किंवा "झाप्पो झाप कुऱ्हाड" या नावाने दिसतात (झाप्पो झाप म्हणजे हेच न्सापो). सरदार, मानकरी ती मिरवत. आपल्याकडे चोपदाराच्या हातातला चांदीचा दंड कुणाला मारायला नसतो, तसंच हे.

शेजारच्या कुबा राज्यातली गोष्ट तर मला फार आवडली. तिथली परंपरा सांगते की सतराव्या शतकातल्या श्याम नावाच्या राजाने फेकायच्या सुऱ्यांवर बंदी घातली आणि त्याऐवजी "इकुल" हा शांततेचा सुरा आणला. ब्रिटिश म्युझियममध्ये याच राजाचा म्हणून ओळखला जाणारा लाकडी पुतळा आहे, त्याच्या डाव्या हातात तो सुरा आहे. ज्या मुलखात शस्त्र हातात धरून राजा "मी लढत नाही" असं सांगत होता, तिथल्या वस्तूला आमच्या घरात साठ वर्षं खुनी ठरवलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता विचारायचं आहे ते असं. ही जुनी, कुणी खरोखर मिरवलेली आहे की विक्रीसाठी घडवलेली, हे घरच्या घरी थोडंफार ओळखता येतं का? लोखंडाला तांबूस गंज चढू लागलाय, त्याचं काय करावं? आणि आई पूजा बंद करू देणार नाही, मलाही ती बंद करायची नाही. मग हळदकुंकवाचं काय? विकायची नाही, त्यामुळे कृपया किंमत सांगू नका.

– माळ्यावरची पेटी

प्रतिसाद १ (कोळसा-भाता):
ताई, चिंच अजिबात नको. आंबट पाणी पत्र्याखाली शिरून लाकडात आणि खिळ्यांत मुरतं. लोखंड आणि तांबं जिथे चिकटून असतात तिथे ओल राहिली की लोखंड दुप्पट जोमाने गंजतं. काळा थर राहू द्या, तेच तिचं वय आहे. कोरड्या मऊ ब्रशने हळदकुंकू अलगद काढा, हातमोजे घाला, सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. तेल चोपडू नका, धूळ धरतं.

ओळखायचं तर पत्र्याची जाडी सगळीकडे एकसारखी आहे का, सळ्यांच्या सांध्यावर वेल्डिंगचा थेंब दिसतो का, ते भिंगाने बघा. घणाचे ठसे आणि मुठीपाशीच झालेली झीज ही चांगली खूण. पण फक्त फोटोवरून कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

एक मात्र सांगतो. भीतीची ती गोष्ट अगदीच हवेतून आलेली नाही. १८९९ मध्ये बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या कांगोतल्या राजवटीने याच झाप्पो झाप लोकांना सक्तीच्या करवसुलीसाठी गावांवर सोडलं होतं. विल्यम शेपर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनऱ्याने तिथे तोडलेले ८१ उजवे हात मोजले. हुकूम राजवटीचा, बदनामी मात्र लोकांच्या वाट्याला आली. घरी गोष्ट सांगाल तेव्हा हेही सांगा.

– माळ्यावरची पेटी:
मनापासून आभार. ८१चा आकडा वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, यंदा कुऱ्हाड पाटावर कापडात ठेवू, हळदकुंकू पाटाला लावू, वर झेंडूचं फूलही नको, ओलं असतं. भिंगातून काढलेले सांध्यांचे फोटो रविवारी टाकते.