लाइव्ह 11 चा सेट लाइव्ह 10 मध्ये: फाइल फोडायची की स्टेम मागायचे?

नौपाडा_नाद: अरेंजमेंट वाशीत एबलटन लाइव्ह 11 वर (संगीत बनवायचं सॉफ्टवेअर), मिक्स ठाण्यात लाइव्ह 10 वर, आणि सेट, म्हणजे प्रोजेक्टची फाइल, उघडत नाही. माझं ठाम मत: फाइलशी खटपट करू नका. सेटची एएलएस फाइल म्हणजे जीझिपने दाबलेली एक्सएमएल, म्हणजे वाचता येणारा मजकूर. ती सोडवून वरच्या ओळीतला आवृत्तीचा आकडा बदला, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण टेक लेन (एकाच ट्रॅकचे अनेक टेक ठेवायची सोय) आणि हायब्रिड रिव्हर्ब (घुमाऱ्याचा इफेक्ट) 11 मध्येच आले. आकडा बदलून 10 ला ते समजणार कसे? सरळ स्टेम, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी ऑडिओ फाइल, मागा: एक्सपोर्टमध्ये 'ऑल इंडिव्हिज्युअल ट्रॅक्स', सगळे पहिल्या बारपासून, 24 बिट, नॉर्मलाइझ (आवाजाची पातळी आपोआप वाढवणं) बंद.

वाशी_वेव्ह: असहमत. स्टेम म्हणजे शिजलेला भात, त्याचे पुन्हा तांदूळ होत नाहीत. गायिकेने ऐन वेळी पट्टी बदलली तर नोट्सच लागतात. एक्सएमएलमध्ये त्या उघड लिहिलेल्या असतात: सुरुवात आणि लांबी बीटमध्ये, व्हेलॉसिटी (स्वर किती जोरात), स्वराचा मिडी क्रमांक. छोट्या पायथन स्क्रिप्टने मिडी फाइल (आवाज नाही, फक्त नोट्सची नोंद) तयार होते. सेट 10 मध्ये उघडेल असं मी म्हणतच नाही. पाठवणारा फोन उचलत नसेल तेव्हा हाच मार्ग उरतो.

घोडबंदर_फेडर: स्क्रिप्ट कशाला? लाइव्ह 12 ची 30 दिवसांची ट्रायल 10 च्या शेजारीच बसते, 11 चा सेट उघडते, एक्सपोर्टही करते. अरेंजमेंटमधला ट्रॅक कंट्रोल-जे ने (मॅकवर कमांड-जे) एकसंध करा, मग 'एक्सपोर्ट मिडी क्लिप'. फक्त मूळ सेटवर सेव्ह दाबू नका; 12 मध्ये सेव्ह झालेला सेट 11 वालाही उघडू शकणार नाही.

नौपाडा_नाद: 12 ला किमान मॅकओएस 11 लागते, जुन्या मॅकवर ती चढतच नाही. शिवाय अरेंजरचे वाद्यांचे प्लगइन (लाइव्हला वेगळे जोडलेले प्रोग्राम) तुमच्याकडे नसतील तर ते ट्रॅक मुकेच. स्टेमला ही अडचण नाही. चार मिनिटांचं गाणं, 30 स्टीरिओ ट्रॅक, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट: साधारण 2 जीबी, पेनड्राइव्हवर सहज मावतं. आणि हो, स्टेम ओढण्याआधी प्रेफरन्सेसमधलं 'ऑटो-वॉर्प लाँग सॅम्पल्स' बंद करा. ते चालू राहिलं की लाइव्ह टेम्पोचा स्वतःच अंदाज बांधतं आणि ट्रॅक एकमेकांपासून सरकतात. दोष मात्र स्टेमना दिला जातो.

वाशी_वेव्ह: वॉर्पचं पटलं. पण सिंथच्या फिल्टरचं ऑटोमेशन (वेळेनुसार नोंदवलेले बदल) एक्सपोर्ट केलेल्या मिडी क्लिपमध्ये येत नाही आणि स्टेममध्ये ते आवाजात मुरलेलं असतं. ते बदलायचं तर आकडे एक्सएमएलमध्येच शोधावे लागतात.