जतच्या कन्नड शाळा आणि मॅनिटोबातले फ्रेंच: पट कमी असताना शाळा कशी राखायची?

सीमेवरचा_पालक (जत)
नमस्कार. जत तालुक्याच्या पूर्व भागात घरी कन्नड बोलणारी बरीच गावं आहेत. आमच्या कन्नड माध्यमाच्या प्राथमिक शाळेची व्यवस्थापन समिती निवेदन तयार करतेय. मागण्या दोन: शाळा पटावरून बंद करू नये आणि शिक्षक कन्नड येणाराच मिळावा. कॅनडात इंग्रजी प्रांतांतल्या फ्रेंच लोकांनी थोड्या मुलांवरही शाळा राखल्या, असं वाचलं. त्यांनी नेमकं काय केलं आणि त्यातलं इथं काय चालेल?

कृष्णाकाठ_सांगली
दादा, आधी एक घोळ मिटवून घ्या. तिथं फ्रेंचच्या शाळा दोन तऱ्हेच्या. 'इमर्शन' शाळा इंग्रजी घरातल्या मुलांना फ्रेंच शिकवायला असते. फ्रेंच समाजाची स्वतःची शाळा वेगळी. तिथं वर्ग, मैदान, ऑफिस, पालकसभा सगळं फ्रेंचमध्ये. निवेदनात इमर्शनचा दाखला दिलात तर समोरचा म्हणेल, मग मराठी शाळेत कन्नडचा एक तास ठेवू, झालं. तो दाखला अजिबात देऊ नका.

या स्वतःच्या शाळेचा हक्क येतो कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेच्या कलम २३ मधून. क्वेबेक या फ्रेंचबहुल प्रांताबाहेर तो तीन प्रकारच्या नागरिक पालकांना मिळतो: ज्यांची पहिली भाषा फ्रेंच आहे आणि अजून समजते, ज्यांचं स्वतःचं प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमधून झालं, किंवा ज्यांचं एक मूल फ्रेंच माध्यमात शिकलंय वा शिकतंय, त्यांची बाकीची मुलंही. म्हणजे हक्क पालकाचा. मुलाला आज फ्रेंच बोलता येतं का, ही अट नाही. आजोबांच्या पिढीला इंग्रजीतच शिकावं लागलं, त्याची भरपाई म्हणून हे मुद्दाम असं लिहिलंय.

अट आहे ती 'पुरेशी संख्या' असण्याची. १९९० मध्ये एडमंटनच्या पालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याची चढती पायरी मांडली. मुलं कमी तर निदान वर्ग, जास्त तर शाळा, त्याहून जास्त तर स्वतःचं शाळा मंडळ, म्हणजे शाळांचा कारभार पाहणारी स्थानिक संस्था. मंडळाइतकी संख्या नसेल तिथं सर्वसाधारण मंडळात फ्रेंच पालकांच्या राखीव जागा, आणि फ्रेंच शिक्षणावरचा खर्च, शिक्षकांची नेमणूक, अभ्यासक्रम यांत निर्णय त्यांचाच. माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग हाच. शाळा मिळाली पण शिक्षक नेमणारा दुसराच, तर दहा वर्षांत शाळेची भाषा बदलते.

गणित_मिरज
संख्येबद्दल थोडं सविस्तर, कारण निवेदन तिथंच पडतं.

प्रिन्स एडवर्ड आयलंड या कॅनडाच्या प्रांतात समरसाइड गावात पालकांनी फ्रेंच शाळा मागितली. सरकारचं म्हणणं, मुलं कमी आहेत, बसने दुसऱ्या गावच्या फ्रेंच शाळेत न्या. एकेरी प्रवास जवळपास तासाभराचा. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. नावं दिलेली मुलं आणि हक्कदार असलेली एकूण मुलं यांच्या मधला आकडा धरायचा, असं ठरलं. तिथं तो ४९ ते १५५ होता. शाळाच नाही म्हणून नावं कमी, आणि नावं कमी म्हणून शाळा नाही, हे चक्र न्यायालयाने तोडलं. लहान मुलांचा लांबचा प्रवास हाही मुद्दा धरला, कारण जवळची इंग्रजी शाळा आपोआप सोयीची ठरते.

हक्कदार मुलं मोजायला पालकांच्या शिक्षणाची माध्यम-भाषा कळावी लागते. तिथल्या जनगणनेत हे प्रश्न पहिल्यांदा २०२१ मध्ये आले. तोपर्यंत मातृभाषेच्या आकड्यावर अंदाज चालायचा आणि मिश्र (एक पालक फ्रेंच, एक इंग्रजी) घरातली मुलं निसटायची.

सातारा_वाचक
न्यायालयाच्या आधीचं कामही बघा. मॅनिटोबा १८७० मध्ये दोन भाषांचा प्रांत म्हणून सुरू झाला. १८९० मध्ये फ्रेंचचा अधिकृत दर्जा काढला, १९१६ मध्ये द्विभाषिक शाळाही बंद. त्याच वर्षी फ्रेंच समाजाने स्वतःची शिक्षण संघटना काढली. तिने फ्रेंचचा समांतर अभ्यासक्रम चालवला, शाळांना भेट देणारी आपली माणसं ठेवली, मुलांच्या फ्रेंच परीक्षा घेतल्या. सरकारी मान्यता नसतानाही भाषेची परीक्षा होत राहिली.

१९७६ मध्ये विनिपेगच्या सेंट बोनिफेस भागात जॉर्ज फॉरेस्ट यांना फक्त इंग्रजीतली पार्किंगची पावती मिळाली. तिच्याविरुद्धचा खटला १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला आणि १८९० चा कायदा घटनाबाह्य ठरला. स्वतःचं फ्रेंच शाळा मंडळ मात्र १९९४ मध्ये सुरू झालं. ताई-दादांनो, कालावधीचा हिशेब आधीच धरून चला.

सीमेवरचा_पालक (जत)
फार उपयोगी. आपल्याकडे कलम २३ सारखं काही आहे का? आणि सर्वेक्षणात काय काय विचारायचं?

कृष्णाकाठ_सांगली
तितकं पक्कं नाही. घटनेचं कलम ३५० अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं, पण शब्द 'प्रयत्न' असा आहे. त्याला शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २९ जोडा. त्यात माध्यम शक्यतो मातृभाषा असावं असं आहे. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचं पद कलम ३५० ब खाली आहे, त्यांनाही प्रत पाठवा. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, म्हणून ठराव समितीच्या बैठकीत करा, इतिवृत्तात नोंदवा आणि त्याची प्रत लावा.

गणित_मिरज
सर्वेक्षण पटावरून करू नका, घरोघर करा. ० ते १४ वयाची सगळी मुलं, इंग्रजी शाळेत जाणारीही. रकाने: जन्मवर्ष, आईची भाषा, वडिलांची भाषा (वेगवेगळी), आई-वडील कोणत्या माध्यमात शिकले, मूल आता कुठं जातं, त्या शाळेचं अंतर. शेवटी 'कन्नड शिक्षक कायम मिळाला तर मूल घालाल का?' आणि सही. वस्तीवरची आणि ऊसतोडीला गेलेली घरं हमखास सुटतात, त्यांच्यासाठी दुसरी फेरी ठेवा.

अंगणवाडीचा रकाना विसरू नका. कॅनडात मिश्र घरातलं मूल पहिलीपर्यंत इंग्रजीतच बोलायला लागतं, म्हणून तिथल्या फ्रेंच शाळा पाळणाघर आणि बालवर्ग शक्यतो शाळेच्याच इमारतीत भरवायला बघतात. तुमच्या अंगणवाडीत ताई मुलांशी कोणत्या भाषेत बोलतात, ते आधी लिहून घ्या.