मदत हवी आहे : सीआरटी मॉनिटरवर काळा रंग राखाडी दिसतो, जी-टू व्होल्टेज कमी कसं करावं?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००१ सालचा १९ इंची सीआरटी मॉनिटर आहे, ट्रिनिट्रॉन पद्धतीच्या (पडद्यामागे उभ्या तारांची ग्रिल असलेल्या) ट्यूबचा. विंडोज ९८च्या मशीनला जोडून १०२४ × ७६८ला ८५ हर्ट्‌झवर वापरतो. ६० हर्ट्‌झवर फार लुकलुकतं, डोळे दुखतात.

चालू केल्या केल्या चित्र झकास असतं. अर्ध्या तासाने मॉनिटर तापला की काळा भाग राखाडी होतो, तोही हिरवट. ब्राइटनेस शून्यावर नेला तरी फरक नाही. खोलीत अंधार करून पूर्ण काळं चित्र लावलं, तर चित्राबाहेरची चौकटसुद्धा उजळलेली दिसते आणि तिच्यावर बारीक तिरक्या रेषा. केबल आणि ग्राफिक्स कार्ड बदलून पाहिलं, तेच. डिगॉस (पडद्यातलं चुंबकत्व घालवणं) नीट होतं, कोपऱ्यात रंगाचे डाग नाहीत. (पडद्यावर दोन केसाएवढ्या आडव्या रेषाही आहेत, पण ती ग्रिल स्थिर ठेवणाऱ्या तारांची सावली. तो दोष नाही, त्यावर कृपया वेळ घालवू नका.)

इथला टीव्ही मेकॅनिक म्हणतो ट्यूब गेली, एलसीडी घ्या. मला ते पटत नाही. ट्यूब थकली की चित्र मंद होतं, इथे उजेड जास्त आहे. माझा संशय जी-टू, म्हणजे पडद्याचा एकूण उजेड ठरवणाऱ्या स्क्रीन व्होल्टेजवर आहे.

टीव्हीत एलओटीवर (ट्यूबसाठी उच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) फोकस आणि स्क्रीन असे दोन स्क्रू असतात. इथे दोन्ही स्क्रू फोकसचेच आहेत. म्हणजे स्क्रीनचं मूल्य ईईप्रॉममध्ये (मॉनिटरच्या आतल्या मेमरी चिपमध्ये) असणार. मागे चार पिनांचं सर्व्हिस कनेक्टर आहे. त्याला साध्या यूएसबी-टीटीएल केबलने (यूएसबीतून सर्किटशी सिरियल संवाद साधणाऱ्या) कुणी संगणक जोडलाय का? मूल्य बदलण्याआधी जुन्याची प्रत काढता येते का? की जी-टूच्या वाटेवरचे मेगाओहमचे रेझिस्टर आधी मोजू? जुने झाले की त्यांचा रोध वाढतो.

ॲनोडवर २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, याची जाणीव आहे. डिस्चार्ज चॅसिसला नाही, ट्यूबवरच्या अर्थिंगच्या वेणीला करायचा, हेही ठाऊक आहे.

दुसरं, उजव्या खालच्या कोपऱ्यात अक्षरांना लाल-निळी कड येते. कन्व्हर्जन्स (तिन्ही रंग एकावर एक जुळवणं) मेनूतून मधलं जुळलं, कोपरा नाही. योकला (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलला) हात न लावता काही करता येईल का?

कोल्हापूर-सांगली भागात हे काम जाणणारं कुणी असेल तर जरूर सांगा. एवढं जड धूड पुण्या-मुंबईला नेताना ट्यूबची मान मोडायची भीती वाटते.