नाव की शाखा?

आयआयटी मुंबईचं मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, की पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचं कम्प्युटर, असं तुम्ही विचारलंय. आमच्या लातुरात बॅनरवर 'आयआयटी' एवढंच मोठं छापतात, शाखा कुणी बघत नाही. सोयरे तर नाहीच नाही! आयआयटीच्या जागा वाटणाऱ्या 'जोसा'चे आकडे वेगळं सांगतात: पवईचं, म्हणजे आयआयटी मुंबईचं, कम्प्युटर खुल्या गटात पहिल्या शंभर रँकमध्येच भरतं. म्हणजे वरची पोरं नाव आणि शाखा दोन्ही उचलतात, पेच मागच्यांना. सीओईपी १८५४ ची, पवई १९५८ ची. वयाने पत ठरली असती तर प्रश्नच नव्हता. माझ्या भाच्याला कोडिंगचं वेड, त्याने पुणं धरलं. मामी अजून रुसलेली आहे. तुमच्या पोराला धातूंत खरंच गोडी असेल तर मात्र पवई सोडू नका.