खानदेशात मुळा कोजागिरीआधी पेरू नये: पटतंय का?

गिरणाकाठ
गणपती उठले की मुळ्याचं बी आणायची घाई सुरू होते आणि दिवाळीत तक्रारी येतात: पाला गुडघाभर, खाली बोटाएवढी मुळी, तीही जिभेला झोंबणारी. दोष बियाण्याचा नसतो, हवेचा असतो. मुळी पोसते १५ ते २० अंशांत. आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारी पारा ३५ च्या आसपास असतो आणि रात्रही गार नसते. पानांनी दिवसभर कमावलेली साखर झाड उकाड्याच्या रात्री खर्चून टाकतं, मुळीत साठायला काही उरत नाही. वर उन्हाने तिखटपणा वाढतो तो वेगळाच. जपानी पांढरा ही जात लावायची तर कोजागिरीनंतरच लावा. तिथून डिसेंबरच्या मध्यापर्यंत दर १२ दिवसांनी एकेक ओळ टाका, सगळं बी एका दिवशी संपवू नका.

परसदार_अमळनेर
भाऊ, हवेचं खरं, पण हिशेब चुकला. आपल्याकडे वांग्याचं भरीत सुरू होतं चंपाषष्ठीला. कळण्याच्या भाकरीशेजारी ताज्या मुळ्याची फोड नको का? कोजागिरी ते चंपाषष्ठी जेमतेम ५१ दिवस, आणि जपानी पांढऱ्याला ५५ ते ६० लागतात. घटस्थापनेला पेरलं तर ६५ मिळतात. सुरुवातीचे वीसेक दिवस उकाड्यात जातात हे मान्य, पण तेव्हा झाड फक्त पानं करत असतं. मुळी जाड व्हायला लागते तोवर हवा पालटलेली असते.

तेवढे तीन आठवडे दुपारी ११ ते ४ हिरवी जाळी धरा आणि मग ती आठवणीने काढा. पुढेही राहिली तर पानं उजेडासाठी लांबतात आणि मुळी दोऱ्यासारखी राहते.

तापीकाठचा_मळा
ताई, घाईच असेल तर पुसा चेटकी आहे की. ४० ते ४५ दिवसांत निघते, ऊन सोसते.

परसदार_अमळनेर
दादा, चेटकी उन्हाळी-पावसाळी पेरणीची जात आहे, एप्रिल ते ऑगस्ट. पोळा ही तिची शेवटची तारीख समजा. नवरात्रात ती नको, थंडीसाठी जपानी पांढराच.

गच्चीवरून_धुळे
तारखेवरून वाद चाललाय, पण निम्म्या तक्रारी विरळणी न केल्याच्या असतात. बी चिमटीने फेकलं जातं, एका वितीत वीस रोपं उगवतात आणि उपटायला जीव होत नाही. मुळी एकमेकींना भिडल्या की एकही पोसत नाही, मग पेरणी नवरात्रात केलेली असो की दिवाळीत.

माझ्या मते पद्धत अशी हवी. बी एक ते दीड सेंटीमीटर खोल. तीन ते पाच दिवसांत उगवतं. खरी पानं दोन आली, म्हणजे साधारण बाराव्या दिवशी, दोन रोपांत ८ ते १० सेंटीमीटर अंतर राहील अशी विरळणी. शेजारचं रोप हलू नये म्हणून नको ते उपटण्याऐवजी कात्रीने मातीलगत कापा. कापलेला पाला भाजीत घाला. १२ बाय १२ इंचाच्या ग्रो बॅगेत पाच रोपं, सहावं नको. गोल लाल मुळ्याला मात्र ६ इंच खोली पुरते आणि तो २५-३० दिवसांत तयार होतो, त्यामुळे गच्चीवर आधी तोच करून बघावा.

आणि रोपं करून दुसरीकडे लावू नका! मुख्य मुळाचं टोक दुखावलं की तिथूनच फाटे फुटतात.

तापीकाठचा_मळा
फाट्यांचं दुसरं कारण आपली काळी माती. ओली असताना चिकटते, वाळली की भेगाळते, आणि मुळी खाली जायला वाट शोधत वाकते. सपाट वाफा करूच नका. २० ते २५ सेंटीमीटर उंच गादीवाफा करा, ढेकळं हाताने फोडा, खडे वेचा. चौरस मीटरला दोन-तीन किलो शेणखत, पण पूर्ण कुजलेलं. मुठीत घेतलं तर मातीसारखं भुगभुगीत लागलं पाहिजे, शेणाचा वास येता कामा नये. ताज्या शेणाने फाटे तर फुटतातच, मुळीवर केसाळ मुळंही येतात.

सोबत २५ ग्रॅम सुपर फॉस्फेट. युरिया नको, सरकीची पेंडही नको. पेंड घरात असते म्हणून मूठभर टाकली जाते, पण तिच्यातला नत्र सगळा पाल्याला जातो.

शेंदुर्णीकर
राख राहिली. जुनी माणसं वाफ्यात चुलीची राख टाकायची, मुळी त्यानेच जाड होते.

गच्चीवरून_धुळे
काका, इथे माझा पूर्ण विरोध. राखेतून पालाश मिळतो, पण आपल्या काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर असतो. ती मुळात विम्ल (अल्कधर्मी), चुनखडीची, त्यात राख टाकली की अजून विम्ल होते आणि बोरॉन, लोह पिकाला मिळेनासं होतं. बोअरच्या पाण्यामुळे कुंडीच्या काठावर पांढरा थर येतो ना? ते क्षार आहेत. तिथे राख म्हणजे मिठावर मीठ. आम्लधर्मी जमिनीत राख जरूर टाका, इथे नको.

शेंदुर्णीकर
जमिनीत नको हे पटलं. पण पानांना बारीक भोकं पाडणाऱ्या भुंग्यांवर सकाळी दवात राख धुरळली तर ते हटतात, तेवढी मी सोडणार नाही. काळी अळी आणि माव्यासाठी निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून चिमूटभर साबणचुरा घालायचा आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारायचं.

गिरणाकाठ
बोरॉनचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुळा आडवा कापल्यावर आत तपकिरी, पाणावलेले डाग दिसले तर बोरॉनची कमतरता. आत पांढरं, कोरडं, स्पंजासारखं जाळं असेल तर मुळा जून झालाय. दोन्हींना सरसकट ‘पोकळ’ म्हणतात आणि चमचाभर बोरॅक्स ओततात. तसं करू नका, चमचाभर म्हणजे पिकाला विष. ३ ग्रॅम बोरॅक्स १० लिटर पाण्यात विरघळवून २ चौरस मीटरला झारीने द्यायचं, तेही हंगामात एकदाच.

ताईंचा ५१ दिवसांचा हिशेब बरोबर आहे. भरितासाठी एक ओळ घटस्थापनेला टाका, मीही तेच सांगेन. पण सगळा वाफा तेव्हा भरू नका, खरा गोड मुळा कोजागिरीनंतरच्या ओळींतच मिळतो.

परसदार_अमळनेर
एक ओळ तरी मिळाली! पाण्याचं मात्र कोणी बोललं नाही. वाफा आठवडाभर कोरडा ठेवून एकदम पाटभर पाणी सोडलं की मुळी उभी तडकते. बोट दोन पेरं खुपसून बघा, ओल लागत नसेल तेव्हाच द्या, पण त्याला उशीर करू नका.

नवी_परसबाग
मुळा जून झालाय हे उपटण्याआधी कसं कळतं?

तापीकाठचा_मळा
बाहेरचं एक जुनं पान घ्या आणि देठ बुडापासून दोन बोटं वर मोडा. आत हिरवट, रसाळ, भरीव असेल तर मुळाही भरीव. देठात पांढरी पोकळी दिसली तर मुळीतही जाळं पडलंय. एका देठात पोकळी दिसली की त्या ओळीतले सगळे मुळे त्याच दिवशी काढा. फक्त एक-दोन रोपं जागेवर राहू द्या, फुलावर येऊन डिंगऱ्या (मुळ्याच्या शेंगा) धरतील. त्या कोवळ्या असतानाच तोडा, दाणा भरला की दशा निघतात.